नाक धरून एक घास

थांबा, डब्याला हात लावायचा नाही! लते, मागे हो. खातून, तू दार लाव आधी, नाहीतर होस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्या वास घेत खाली येतील आणि आपल्याला बोट चाटायला पण उरणार नाही. हो गं, उघडणार आहे. पण आधी ह्या गोळ्या घ्या. एक संत्र्याची आहे, एक लिंबाची. कागद मी काढून टाकलेत. डोळे मिटा, रंग बघायचा नाही. आता नाक धरा. असं नाही लते, घट्ट धर, जत्रेत गर्दीत हात धरतेस तसं! तोंडाने श्वास घे. आता टाक तोंडात.

कसली आहे?

गोड? अगं गोड तर दोन्ही आहेत! आंबट-गोड, बरं. पण संत्रं की लिंबू? लता म्हणते लिंबू. खातून, तू? तू पण लिंबू? नक्की? अम्मीची शपथ घालू नको, एवढं काही नाही. आता सोडा नाक.

बघा बघा बघा! लतेचं तोंड बघा! आलं ना संत्रं? एकदम आलं ना, कुणी बटण दाबल्यासारखं? गोळी तीच, जीभ तीच, तोंडातून बाहेर पण काढली नाही. मग इतका वेळ संत्रं कुठे होतं?

हेच! ह्या एवढ्याशा खेळाने आमचं घर सरळ केलं. खोटं नाही. तुम्ही म्हणत होता ना, शनिवारी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून रंजी पिशवी घेऊन कुठे पळाली, मॅडमना सांगितलं पण नाही, तर घरी पळाले होते. पॅसेंजर मिळाली, भुसावळला अर्धा तास उभी राहिली, मला वाटलं उतरून ढकलावी. बसा, सांगते सगळं. डबा मधेच ठेवा, मला दिसला पाहिजे.

तर आमचे नाना, म्हणजे माझे वडील. नाव चुडामण, पण अख्खं गाव चुडामण भाऊच म्हणतं. बोदवडला उतरून पुढे एसटीने गेलं की आमचं गाव. कपाशी, थोडी ज्वारी, आणि हिवाळ्यात बांधाला भरताची वांगी. आणि तुम्हाला माहीत आहे, भरीत म्हटलं की आमच्याकडे पंचक्रोशीत एकच नाव, नाना. त्यांना आचारी म्हटलं तर राग येतो हं. ते शेतकरी. पण कुणाकडे लग्न असो, साखरपुडा असो, भरताला बसणार नाना. एक पद्धत आहे आमच्याकडे. कपाशीची शेवटची वेचणी झाली की काड्या उपटतात, त्याच काड्यांचा शेतात जाळ करतात, त्याच्यावर वांगी भाजतात, आणि अख्खी गल्ली आमच्या शेतात जेवायला. बायका पुऱ्या करतात, भाकरी करतात, पण जाळाजवळ बाईमाणसाने यायचं नाही. भरीत पुरुषांचं. का? माहीत नाही का. विचारलं तर म्हणतात, असंच असतं. आणि भरीत झालं की पहिला घास नाना खाणार. सगळे पत्रावळी घेऊन बसलेले असतात, कुणी बोलत नाही, नाना डोळे मिटून घास चावतात आणि म्हणतात, "जमलं." मग वाढायला सुरुवात. लहानपणी मला वाटायचं, नानांनी "जमलं" म्हटल्याशिवाय वांग्याला चवच येत नसेल.

तर दिवाळीच्या सुमारास नाना पडले. बैलगाडीत कापूस भरलेला, हे वर गादीवर बसल्यासारखे बसलेले, चाक नाल्यात गेलं आणि हे मागच्या मागे डोक्यावर. मागे टेंगूळ आलं, थोडी चक्कर आली, दोन दिवस पडून राहिले, मग उठले. आणि वर स्वतःच हसत होते, "बसलो व्हतो कापसावर, पडलो मातर दगडावर." मला वाटलं, झालं, संपलं. मी परत इकडे आले.

पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आईची पत्रं तुम्ही बघितलीत, चार ओळी आणि तब्येतीस जप. तिने सांगितलंच नाही की नाना जेवायला बसले की ताट सरकवतात. काही विचारलं की म्हणतात, "कागद खाल्ल्यासारखं लागते." आता सांगा, कुठल्या बाईला हे ऐकून बरं वाटेल? आणि आमची आई शिरपूरकडची, नाव कुंदाबाई, तिथे घरोघरी म्हणे हिच्या हातच्या भाजीचं नाव होतं. तिने एक दिवस मसाला वाढवला. दुसऱ्या दिवशी लसूण वाढवला. तेल वाढवलं. नाना म्हणाले, "कागद." आणि वर काय करायचे, तर ताटात मिरचीचा ठेचा घ्यायचे, हा एवढा गोळा, आणि प्रत्येक घासाला लावून खायचे. दूधभातालासुद्धा! आई समोर बसून बघायची. तिला वाटलं, मुद्दाम करतात. माझ्या भाजीवर ठेचा थापतात म्हणजे मला दाखवून देतात. मग एक दिवस तिने पोळी ताटात टाकली ती अशी टाकली, की कळलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मधे माझा धाकटा भाऊ, "आई विचारते मीठ पाहिजे का," "सांग नको." दोघं एकाच ओसरीत बसलेली, हातभर अंतरावर!

आणि त्यातच ते पितांबर काकांच्या घरचं झालं.

पितांबर काका आमच्या गल्लीतले, नानांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि तोंडाने असे की मेलेल्याला हसवतील आणि जिवंताला रडवतील. त्यांच्या मुलाचा साखरपुडा, भरताला अर्थात नाना. काड्या ओल्या होत्या, पेटत नव्हत्या. मुलीकडच्या कुण्या पाव्हण्याने हुशारी केली, कंदिलातलं रॉकेल काढून ओतलं जाळावर. बरंच ओतलं. नाना तिथेच उभे होते, वांगी फिरवत होते. काही बोलले नाहीत. भरीत ठेचलं, फोडणी दिली, पात घातली, दाणे घातले, सगळं केलं. पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "जमलं."

लोकांनी घास घेतला. आणि सगळे तसेच बसले, तोंडात घास, ना गिळता येतो ना थुंकता येतो. व्याह्यांसमोर कसं थुंकणार! तेवढ्यात पितांबर काका म्हणाले, "काय भो चुडामण, भरीत वांग्याचं केलं का कंदिलाचं?"

हसू नको लते. म्हणजे हस, मी पण हसले होते ऐकून. पण नाना हसले नाहीत. ते उठले, टोपी घातली, घरी आले. आणि म्हणाले, यंदा आपल्या शेतात भरीत नाही. यंदा काय, पुढेही नाही. वांगी व्यापाऱ्याला देऊन टाका.

हे सगळं मला कळलं जानेवारीत, मामा कामासाठी जळगावला आला होता तेव्हा. इथे खाली फाटकाजवळ उभा राहून सांगून गेला. म्हणाला, तुझ्या बापाला नजर लागली म्हणतात, कुणी म्हणतं प्यायला लागला, आणि वाळलाय गं, शर्ट लोंबतो अंगावर. तुम्हाला आठवतं, मी दोन दिवस बोलत नव्हते, खातून विचारत होती डोकं दुखतं का? ते हे.

आता शनिवार. मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल. वेदन आणि संवेदन, तोच धडा जो मी आणि लताने पाठ केला होता आणि समजला एकीलाही नव्हता. मॅडम म्हणाल्या, एक प्रयुक्त पाहिजे, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. नेहमीप्रमाणे कुणी उठेना, मग मला उठवलं. डोळ्याला पट्टी. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा, खरंच, मॅडमनी घरून आणला होता! तोंडात काडीने एक फोड दिली. म्हणाल्या, चाव आणि सांग. मी चावलं. कुरकुरीत, पाणीदार, जरा गोडसर. म्हटलं सफरचंद. दुसरी फोड. म्हटलं सफरचंद. तिसरी जराशी चुरचुरली, म्हटलं, हे सफरचंद थोडं कच्चं आहे. वर्ग हसायला लागला. मला कळेना का हसतात. मग मॅडमनी तिसरी फोड तोंडात असतानाच चिमटा काढला.

कांदा! अगं कांदा! मी, जी रोज भाकरीबरोबर कांदा फोडून खाते, ती कांद्याला सफरचंद म्हणाले! आणि दुसरा होता कच्चा बटाटा. बटाटा आणि सफरचंद मला सारखंच लागलं, कळतंय का? आणि चिमटा निघाल्याबरोबर तो कांदा असा उसळून आला की डोळ्यात पाणी. मॅडम सांगायला लागल्या, जिभेला फारच थोडं कळतं. गोड, खारट, आंबट, कडू. बस. बाकी सगळं, कांद्याचं कांदेपण, संत्र्याचं संत्रेपण, नाकाला कळतं. चावताना वास घशातून मागच्या बाजूने वर नाकात जातो, आणि मेंदू दोन्ही एकत्र करून सांगतो, जिभेवर आहे. आपल्याला वाटतं जिभेने खातो! मग लता, तूच विचारलंस, आठवतं? "मॅडम, आणि तिखट?" मॅडम म्हणाल्या, तिखट चव पण नाही आणि वास पण नाही, तिखट म्हणजे चटका. त्याची नस वेगळी. नाक चोंदलं, जीभ बधिर झाली, तरी मिरचीचा चटका लागतो.

आणि मी तिथेच उभी, पट्टी अजून डोळ्यावर, आणि मला दिसलं. खरंच दिसलं! नानांचं ताट. दूधभात. आणि त्याच्यावर ठेचा.

त्यांना तेवढंच लागत होतं! बाकी सगळं गेलं होतं आणि चटका राहिला होता, म्हणून ते चटका शोधत होते. आईला चिडवत नव्हते, बाई, ते उपाशी होते! डोक्याला मार, मग कागद, मग रॉकेल, मग ठेचा. मी मॅडमना म्हटलं, "डोक्यावर पडलं तर नाक जातं का?" मॅडम म्हणाल्या, "जाऊ शकतं, मेंदूला..." पुढचं मी ऐकलंच नाही. पट्टी काढली आणि पळाले. चिमटा माझ्याकडेच राहिला, बघा, हा पिशवीत.

घरी पोचले तर नाना ओसरीवर. खरंच शर्ट लोंबत होता. म्हणाले, "काय वं रंजे, मधेच कशी काय आली? पैसे संपले का?"

"नाही नाना. तुमची परीक्षा घ्यायला आले."

"माही? मी त चौथीतच पळालो व्हतो."

पण मी उद्या उद्या म्हणत रात्र काढली, कारण घरात दोघं बोलत नव्हती आणि मला हिंमत होईना. रविवारी सकाळी आई चुलीशी होती. मी नानांना ओसरीवर बसवलं, त्यांचाच रुमाल डोळ्याला बांधला. भाऊ टाळ्या वाजवायला लागला, त्याला वाटलं आंधळी कोशिंबीर. मी आत जाऊन वाट्या भरून आणल्या. आईने विचारलं पण नाही काय करतेस, नुसतं बघितलं.

पहिला गूळ. नानांनी चघळला आणि थांबले. म्हणाले, "गोड हाये."

"बरोबर! आता हे."

"खारं. मीठ हाये का हे?"

"हो! हे?"

चिंच होती. त्यांचा एक गाल रुमालाखाली असा आक्रसला ना, मला दिसलं! "आंबट! आंबट वं!" मग मेथीदाणे. तोंड वाकडं केलं, "कडू जहर! काय देऊ ऱ्हायली पोरी, बापाले मारतं का?"

आणि मी ओरडले, "नाना, तुमची जीभ ठणठणीत आहे!"

रुमाल तसाच. मग हळू म्हणाले, "मंग मले भाजी काहून नाही लागत?"

मी लसूण ठेचला, अगदी त्यांच्या नाकाखाली. म्हटलं, हे काय आहे? म्हणाले, "काय? दे ना हातात." मी म्हटलं, हातात नाही, वास घ्या. त्यांनी हुंगलं. काही नाही. मग मी कोनाड्यातून रॉकेलची बाटली आणली. बूच काढलं. मलाच नको झालं, भाऊ नाक दाबून पळाला. नाकाखाली धरली. म्हटलं, नाना?

"काय ते? आण की लवकर."

"आणलंय नाना."

त्यांनी रुमाल वर केला. आणि बाटली बघितली. एवढी जवळ, मिशीला लागेल इतकी. बघतच राहिले. मग म्हणाले, "हे इतकं जवळ व्हतं?"

लते, मला तेव्हा रडू आलं, आनंदाने आलं का कशाने मला माहीत नाही. नाना म्हणाले, "त्या दिवशी मले काहीच लागलं नाही वं. घास तोंडात घातला आन् काहीच नाही. लोक समोर बसेल. जमलं म्हनलं नसतं त काय म्हनलं असतं?" मग म्हणाले, "मले वाटलं, जीभ मेली. माणसाची जीभ आधी मरते, मंग माणूस. मी म्हनलं आपला नंबर लागला. तुह्या आईले काय सांगू? म्हून नाही सांगितलं."

म्हणजे कळतंय का तुम्हाला? ते इतके दिवस मरायची वाट बघत बसले होते! ओसरीवर! एक बटाटा आणि एक चिमटा कुणी आणला असता तर!

आणि तेवढ्यात दारात आई. हाताला पीठ. तिने सगळं ऐकलेलं. ती चिडली की माहेरची बोली येते तिच्या तोंडात, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "मी रोज रडी रडी भाजी करू, आन् तुमनं नाक बंद! सांगानं व्हतं ना मले! मले वाटनं मन्हा हातनी चव गयी!"

नाना म्हणाले, "तुह्या हातची नाही वं, माह्या डोक्यातली गेली."

"डोकं पहिलेपासूनच तसं शे," आई म्हणाली. आणि हसली. आणि रडली. आणि पिठाच्या हाताने तोंड पुसलं, सगळं पांढरं. आणि अगं, दोघं बोलली! थेट, भावाला मधे न घेता!

सोमवारी आम्ही भुसावळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरीने नाकात बघितलं, कॉफीची पूड हुंगायला दिली, सगळं विचारलं. म्हणाले, नाकाच्या वरच्या बाजूला बारीक नसा असतात, डोक्याला हिसका बसला की तुटतात. कधी कधी परत येतं थोडं थोडं, कधी नाही येत. औषध नाही. मी डॉक्टरांकडे रागाने बघितलं, जसं काही त्यांनीच तोडल्या. पण नाना तर खुशीत! परत येताना गाडीत शेजारच्या माणसाला सांगत होते, "माही जीभ चांगली हाये. नसा तुटेल हाये फक्त." तो माणूस सरकून बसला.

पण भरीत? मी म्हटलं, नाना, आता तर कळलं, आता करा. परवा शेवटची वेचणी आहे, काड्या निघतील. तर नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "नाही पोरी. वांगं भाजलं का कच्चं हाये हे डोळ्याले नाही कळत. वरून सारी सारखीच काळी. वासावर उचलतो मी. आता कशावर उचलू? लोकं आधीच हासले." आणि उठून गोठ्यात गेले.

मला वाटलं संपलं. माझा सगळा शोध गेला पाण्यात. नानांना जीभ परत मिळाली आणि जाळ नाही मिळाला, मग काय उपयोग! मी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती. थापता थापता, मान पण वर न करता, मोठ्याने, गोठ्यात ऐकू जाईल अशी म्हणाली, "मन्हं नाक शे ना!"

बस. एवढंच.

आणि खरंच गेली ती जाळाजवळ! तुम्ही बघायला पाहिजे होतं! सगळी गल्ली शेतात, पुरुष जाळाच्या भोवती, बायका तिकडे पुऱ्यांच्या कढईपाशी, आणि मधून आमची आई पदर खोचून सरळ चालत आली आणि नानांच्या शेजारी पाट टाकून बसली. एक म्हातारे आबा खोकले, म्हणजे ऐकू जावं असे खोकले. आणि पितांबर काका, ते कसले गप्प बसतात, म्हणाले, "काय चुडामण भाऊ, नाक भाड्यानं आणलं का?"

नाना म्हणाले, "घरचंच हाये. भाडं लागत नाही."

"लई दिवस बंद व्हतं म्हने घरचं दुकान?"

तर आई म्हणाली, "पितांबर भाऊ, तुम्ही रॉकेलवाले पाव्हणे कुठे बसवले, ते सांगा आधी. त्यांना जाळापासून लांब बसवा." माणसं अशी हसली! ते खोकणारे आबासुद्धा!

मग जाळ पेटला. काड्या तडतडल्या. नाना काठीने वांगी फिरवतात आणि आई नाकाने सांगते. आणि मजा म्हणजे तिला सांगता येईना! पहिल्यांदा म्हणाली, "वास येतोय." नाना म्हणाले, "कसला?" "वांग्याचा." "ते मले बी माहीत हाये, वांगी हायेत म्हून वांग्याचा! कसा येऊ ऱ्हायला?" आईला राग आला. मग तिने डोळे मिटले, अगदी माझ्या पट्टीसारखे, आणि शोधायला लागली. म्हणाली, ओला पाला जळतो तसा. नाना म्हणाले, कच्चं हाये. थोड्या वेळाने म्हणाली, आता पाला गेला, आता दूध लागल्यासारखा, जरा करपट. नाना म्हणाले, साल भाजली, आत नाही. फिरवलं. सगळे पुरुष ऐकत होते, कुणी खोकत नव्हतं. मग आई एकदम म्हणाली, "आते गोड! आते मक्याचं कणीस भाजतात तसा, आन् त्याच्यामागे तुपासारखा!" आणि नाना ओरडले, "उचला!"

सगळी वांगी उचलली. सोलली तर आतून लोणी! एकही कच्चं नाही! मग ठेचलं, मिरची, लसूण, तेल, कांद्याची पात, तळलेले दाणे. नानांनी दाणे जास्त घातले आणि मिरची पण. मी विचारलं का, तर माझ्या कानात म्हणाले, "दाणे दाताले कळतात. मिरची तुह्या मॅडमच्या नसीले कळते. माह्यासाठी बी काही ठेव ना त्याच्यात." असे कसे गं ते! मी दोन वर्षं जो धडा घोकते तो त्यांनी भरतात घातला!

आणि मग पत्रावळी. सगळे बसले. पहिला घास.

नाना उभे. हातात घास. मला त्या दिवशीचं साखरपुड्याचं आठवलं, मी तिथे नव्हते तरी आठवलं. नानांनी घास तोंडात घातला, डोळे मिटले, चावला. बराच वेळ चावला. आणि डोळे उघडून सगळ्यांना म्हणाले, "हे पाहा भो. मले तिखट लागलं. मीठ बरोबर हाये. दाणे कुरकुरीत हायेत. गरम हाये. याच्या पुढचं मले नाही लागत, माह्या नाकाची नस तुटेल हाये. मागल्या बारीले मी खोटं बोललो. पुढचं हिले विचारा."

आणि दुसरा घास त्यांनी आईच्या हातावर ठेवला. सगळ्यांसमोर. लते, आमच्या गावात! आई लाजली, पदर घेतला, तोंड फिरवून खाल्लं. सगळे तिच्याकडे बघतायत. ती चावते आहे, चावतेच आहे, मुद्दाम हं, मला खात्री आहे मुद्दाम, इतके दिवस कागद कागद ऐकलं त्याचा सगळा सूड तिने तिथे उगवला! पितांबर काका म्हणाले, "वयनी, रहेम करा, पोरं रडतीन आता."

मग ती म्हणाली, "जमलं."

आणि अशी झुंबड! काकांनी तीनदा घेतलं. नानांनी पोटभर खाल्लं गं, घाम पुसत, नाक गाळत, दाणे कडाकडा चावत, आणि शेजारी आई प्रत्येक घासाला सांगतेय, आता लसूण आला, आता धूर आला, तो मागून येतो, घशातून. नाना म्हणाले, तू सांगते तं मले आठवते. खरं का खोटं माहीत नाही. मॅडमना विचारणार आहे. त्यांचा चिमटा पण परत द्यायचा आहे.

आता तर त्यांना चटकच लागली आहे. गोठ्यात गेली आई तर विचारतात, कसा येतो? पोतं उघडलं तर, कसा येतो? मी निघताना पिशवीतून पुस्तक काढलं तर, त्याचा कसा येतो? मी म्हटलं, पुस्तकाचा. असं बघितलं माझ्याकडे, नापास केल्यासारखं!

म्हणून हा डबा. काल रात्री नाही, आज पहाटे भरला आईने, वर पुऱ्या आहेत. आणि नानांनी निरोप दिला आहे तुम्हाला. म्हणाले, "तुह्या मैत्रिणी शिकेल हायेत ना? त्यांले म्हनाव नीट सांगा, वास कसा येतो. पत्रात लिहून पाठव."

तर आता डबा उघडते. खातून, हा घे चिमटा, तू पहिली. आधी नाक धरून एक घास. फक्त तिखट, मीठ, दाणे, जे नानांना लागतं ते. नीट लक्ष दे, कारण ते काय खातात ते आपल्याला कळलं पाहिजे. मग नाक सोडा. आणि मग सांगा.

लते, "मस्त" नाही चालणार. मी पण आधी "मस्त"च म्हटलं होतं, नाना म्हणाले, मस्त तं मले बी लागते. डोळे मिट. शोध. वेळ घे. मी पेन काढते.